चार तारांमधली ओढाताण

अकोल्याच्या आसपास काळ्या रानातून हायटेन्शनची लाईन जाते तिथे एकदा मान वर करून नीट पाहावं. साध्या टॉवर लाईनवर एका फेजला एक तार असते. ७६५ केव्हीच्या लाईनवर मात्र एका फेजसाठी बहुधा चार तारा दिसतात, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ताणलेल्या. पन्नास-साठ मीटरवर त्यांच्या मधे एक धातूची चौकट लावलेली असते, चारही तारांना एकमेकींपासून हातभर दूर धरणारी. तिला स्पेसर म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याहून नागपूरजवळच्या कोराडीमार्गे अकोला आणि पुढे औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, असा ७६५ केव्हीचा मार्ग गेल्या दशकात उभा राहिला. पूर्व विदर्भात कोळशावर तयार होणारी वीज पश्चिमेकडे नेणारा हा मोठा रस्ता आहे, आणि अकोल्याचं सबस्टेशन त्यावरचं मोठं ठाणं.

या चार तारा एकमेकींना ढकलतात की ओढतात? चारही तारा एकाच फेजच्या. म्हणजे त्यांच्यावर सारखाच विद्युतभार आहे, आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण चारही तारांत वीजप्रवाह एकाच दिशेने वाहतो, आणि एका दिशेचे प्रवाह एकमेकांना जवळ ओढतात हेही आपण शिकलो आहोत. दोन्ही नियम खरे आहेत. मग जिंकतं कोण? या प्रश्नाचं उत्तर काढायला फार मोठं गणित लागत नाही. लागते ती एक सवय: भार किंवा प्रवाह एका बिंदूवर न मानता पसरलेला मानायचा, त्याचा लहान तुकडा घ्यायचा, त्या तुकड्यावरचं बल काढायचं आणि मग बेरीज करायची.

आधी भार किती ते पाहू. ७६५ केव्ही हा दोन फेजांमधला दाब आहे. एका फेजचा जमिनीच्या तुलनेतला दाब सुमारे ४४२ किलोव्होल्ट. तारांचा जाडपणा, त्यांच्यातलं अंतर आणि जमिनीपासूनची उंची यांवरून या फेजच्या चार तारांवर मिळून दर मीटरला साधारण ५.७ मायक्रोकूलोम भार बसतो. म्हणजे प्रत्येक तारेवर दर मीटरला सुमारे १.४२ मायक्रोकूलोम. वीज एसी असल्याने हा भार सेकंदाला ५० वेळा धन-ऋण होत राहतो, म्हणून हे आकडे सरासरी पद्धतीचे, आरएमएस आहेत. शिखराच्या क्षणी भार दीडपटीच्या जरा आत जातो.

शिखराच्या क्षणी चार तारांच्या एक मीटर लांबीवर ८ मायक्रोकूलोम, म्हणजे ५ वर १३ शून्यं इतके इलेक्ट्रॉन कमी किंवा जास्त असतात. आकडा अवाढव्य वाटतो. पण त्याच एक मीटर ॲल्युमिनियममध्ये मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन ५ वर २६ शून्यं एवढे आहेत. म्हणजे दहा लाख कोटी इलेक्ट्रॉनांमागे एखादा इकडचा तिकडे झाला की एवढ्या मोठ्या लाईनचा सगळा ‘भार’ तयार होतो.

कूलोमने १७८५ मध्ये मांडलेला नियम दोन बिंदूंपुरता आहे. ५ वर १३ शून्यं इतक्या बिंदूंच्या जोड्या जुळवत कोणी बसू शकत नाही, आणि बसायची गरजही नाही. जिनिंगच्या आवारात कापूस क्विंटलने मोजतात, तिथे सरकी आणि तंतू कोणी मोजत नाही. भार पसरलेला असतो तेव्हा भौतिकीही तेच करते. तारेवर तो दर मीटरला किती, पृष्ठभागावर दर चौरस मीटरला किती, पोकळीत किंवा धातूच्या आत दर घनमीटरला किती, असं म्हणायचं. यालाच रेषीय, पृष्ठीय आणि घनफळातली घनता म्हणतात. लहान तुकड्यावरचं बल काढायचं तर त्या तुकड्यातला भार आणि त्या जागचं विद्युतक्षेत्र यांचा गुणाकार करायचा.

चार तारांना हे लावून पाहू. शेजारच्या दोन तारा साधारण ४५ सेंटिमीटरवर असतात. लांब, सरळ तारेचं क्षेत्र अंतराच्या प्रमाणात कमी होत जातं, वर्गाच्या प्रमाणात नाही. बिंदूचा नियम आणि तारेचा नियम यांतला हा फरक बेरजेतूनच येतो: तारेचे लांबचे तुकडेही थोडा थोडा हातभार लावत राहतात, म्हणून एकूण जोर सावकाश घटतो. हिशेब असा: दोन तारांवरच्या दर मीटर भारांचा गुणाकार करा, त्याला १८०० कोटींनी गुणा आणि अंतराने भागा. १.४२ मायक्रोकूलोम गुणिले तेवढेच, गुणिले १८०० कोटी, भागिले ०.४५. उत्तर येतं दर मीटरला ०.०८ न्यूटन, म्हणजे सुमारे आठ ग्रॅम वजनाइतकं बल. कोपऱ्यावरची एक तार घेतली तर तिला दोन शेजारणी आणि एक समोरची, अशा तिघी लोटतात. दिशा लक्षात घेऊन तिन्ही बलं एकत्र केली की चौकोनाच्या मध्यापासून बाहेर, दर मीटरला ०.१७ न्यूटन. अशा लाईनवर वापरतात ती बर्सिमिस जातीची तार दर मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. त्या मानाने सतरा ग्रॅमचा लोट फारच किरकोळ. पण तो आहे, आणि चारशे मीटरच्या आसपासच्या गाळ्यात प्रत्येक मीटरवर आहे.

इथे लक्ष देऊन वाचणाऱ्याला एक शंका यायला हवी. आपण एका तारेवर बाकीच्या तिघींचं क्षेत्र घेतलं. तिचं स्वतःचं क्षेत्र का सोडलं? त्या तारेच्या पृष्ठभागावर जिथे खरोखर भार बसलेला आहे तिथे क्षेत्र मोजलं तर बहुतांश ते तिचं स्वतःचंच असतं. भार पसरलेला असला की ‘स्वतःचं’ आणि ‘दुसऱ्याचं’ ही वाटणी कुठे करायची? पाठ्यपुस्तकं हा मुद्दा बहुधा एका ओळीत उरकतात. मला तो या विषयाचा गाभा वाटतो, म्हणून जरा थांबू.

भार घनफळात पसरलेला असेल तर शंकेचं निरसन सोपं आहे. एक चिमुकला गोळा मनाने वेगळा काढा. त्यातला भार त्याच्या त्रिज्येच्या घनाप्रमाणे, आणि त्या भाराचं स्वतःचं क्षेत्र त्रिज्येच्या प्रमाणात. गोळा लहान लहान करत गेलं की त्याचं स्वतःचं क्षेत्र शून्याकडे जातं. उरतं ते सगळं बाकीच्यांचं. म्हणून घनफळातल्या भारासाठी बिनदिक्कत एकूण क्षेत्र वापरावं.

पृष्ठभागावर तसं होत नाही. धातूच्या आत क्षेत्र शून्य, बाहेर पडल्याबरोबर पूर्ण. त्या पातळ थरावर बसलेल्या भाराला कुठलं क्षेत्र लागू करायचं, आतलं की बाहेरचं? पृष्ठभागाचा टिकलीएवढा तुकडा घ्या. तुकडा कितीही लहान केला तरी त्याच्या अगदी जवळ त्याचं स्वतःचं क्षेत्र दोन्ही बाजूंना सारखं असतं: बाहेर बाहेरच्या दिशेने, आत आतल्या दिशेने. आत एकूण क्षेत्र शून्य आहे, याचा अर्थ बाकीच्या सगळ्या पृष्ठभागाने तिथे नेमकं तेवढंच उलट क्षेत्र दिलेलं आहे. ते बाकीच्यांचं क्षेत्र बाहेरही तसंच चालू राहतं, आणि बाहेर तुकड्याच्या क्षेत्रात मिळून ‘पूर्ण’ होतं. म्हणजे बाकीच्यांचा वाटा बरोबर निम्मा. तुकड्याला लोटणारं क्षेत्र बाहेर मोजलेल्या क्षेत्राच्या अर्धं. हीच गोष्ट दुसऱ्या वाटेनेही पटते: थर कितीही पातळ असला तरी त्याला थोडी जाडी आहे, आणि त्या जाडीत क्षेत्र शून्यापासून पूर्णापर्यंत चढत जातं. भार त्या जाडीत कसाही वाटलेला असो, बेरीज केली की सरासरी निम्मीच निघते.

एकट्या तारेच्या पृष्ठभागावर शिखराच्या क्षणी क्षेत्र दर सेंटिमीटरला सुमारे २० किलोव्होल्ट. त्यातून पृष्ठभागाला बाहेर ओढणारा दाब येतो साधारण १८ पास्कल. हवेचा दाब एक लाख पास्कल असतो, त्यापुढे हा नगण्य. शिवाय तारेभोवती सगळीकडून सारखाच, त्यामुळे तारेला तो कुठेच नेत नाही. पण चार तारा एकत्र आल्या की हा सारखेपणा बिघडतो. चौकोनाच्या बाहेरच्या बाजूला क्षेत्र सरासरीपेक्षा १६-१७ टक्क्यांनी वाढतं, आतल्या बाजूला तेवढंच कमी होतं. आता तारेचा पूर्ण घेर फिरून प्रत्येक टिकलीवरची ओढ जमा केली, सरासरी आरएमएस क्षेत्र धरून, तर उत्तर येतं बाहेरच्या दिशेने दर मीटरला ०.१७ न्यूटन. तोच आकडा! एकदा आपण तारेचं स्वतःचं क्षेत्र पूर्ण वगळलं, एकदा ते पृष्ठभागात धरलं. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात, कारण तारेची स्वतःची स्वतःवरची ओढ घेरभर फिरून शून्य होते. हिशेब दोन रस्त्यांनी करून जुळतो तेव्हा जो विश्वास येतो तो सूत्र पाठ करून येत नाही.

बाहेरच्या बाजूच्या या वाढीव क्षेत्राचा परिणाम श्रावणातल्या झडीत कानाला ऐकू येतो. झडी लागली की मोठ्या लाईनखालच्या वावरात सतत घूं घूं आणि मधे मधे तडतड असा आवाज येतो. तारेच्या खालच्या अंगाला थेंब लटकलेले असतात. दोन मिलिमीटर त्रिज्येचा थेंब पाण्याच्या पृष्ठताणामुळे सुमारे ७० पास्कलच्या दाबाने स्वतःला गोल धरून ठेवतो. शिखराच्या क्षणी तारेच्या बाहेरच्या बाजूला क्षेत्र २४ किलोव्होल्ट दर सेंटिमीटर, म्हणजे ओढ २५ पास्कल; थेंबावर ती एवढीच असती तर थेंब जागचा हलला नसता. पण तारेतून पुढे आलेल्या गोलाकार उंचवट्याच्या टोकाशी क्षेत्र जवळपास तिप्पट होतं, आणि ओढ क्षेत्राच्या वर्गाने, नऊपट. २०० पास्कलच्या वर गेलेली ही ओढ ७० पास्कलच्या पकडीला पुरून उरते. थेंब ओढला जाऊन टोकदार होतो, टोकाशी क्षेत्र आणखी वाढतं आणि तिथली हवा फुटते. हवा साधारण ३० किलोव्होल्ट दर सेंटिमीटरला दाद देते. हाच कोरोना. दोन्ही अर्धचक्रांत तो होतो म्हणून त्या घोंगावण्यात सेकंदाला १०० कंपनांचा सूर असतो. एकेरी जाड तारेऐवजी चार तारांचं बंडल वापरण्यामागे हेच कारण आहे: भार चार ठिकाणी वाटला की पृष्ठभागावरचं क्षेत्र उतरतं आणि कोरड्या दिवसांत लाईन गप्प राहते.

आता प्रवाहाकडे वळू. ७६५ केव्हीच्या चार तारांच्या लाईनची एक ‘नैसर्गिक’ क्षमता मानली जाते, साधारण २२५० मेगावॉट. त्या लोडला एका फेजमध्ये सुमारे १७०० ॲम्पिअर, एका तारेत ४२५ ॲम्पिअर वाहतात. एवढ्या प्रवाहात इलेक्ट्रॉन धावत असतील असं वाटतं. त्यांचा सरकण्याचा वेग मात्र सेकंदाला एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग आहे, आणि एसी असल्याने ते पुढे जातच नाहीत. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे जागच्या जागी झुलतात. तिरोड्याचा इलेक्ट्रॉन अकोल्याला कधीच येत नाही. एकेका इलेक्ट्रॉनवरचं चुंबकीय बल त्याच्या वेगाच्या प्रमाणात, म्हणून अतिशय क्षुल्लक. पण इथे मोजायचे आहेत ते भारातले दहा लाख कोटींत एक असलेले इलेक्ट्रॉन नव्हेत, धातूतले सगळेच. वेगाची उणीव संख्या भरून काढते. धातूतले धन आयन जागेवर स्थिर असल्याने विद्युतभार एकमेकांना रद्द करतात, पण प्रवाह रद्द होत नाही. म्हणूनच तारेवरचा भार आणि तारेतला प्रवाह या दोन स्वतंत्र गोष्टी राहतात. एक नसतानाही दुसरी असू शकते.

हे बल इलेक्ट्रॉनांवर लागतं, मग तार का हलते? इलेक्ट्रॉन आडवे ढकलले गेले की तारेच्या एका बाजूला किंचित जास्त आणि दुसऱ्या बाजूला किंचित कमी होतात. त्यातून धातूच्या आत एक छोटं आडवं विद्युतक्षेत्र तयार होतं, आणि ते आयनांच्या जाळ्याला त्याच दिशेने ओढतं. इलेक्ट्रॉनांवर पडलेला सगळा जोर असा धातूच्या अंगावर येतो.

ऑर्स्टेडचा चुंबकसुईचा प्रयोग पॅरिसला पोचला आणि काही आठवड्यांतच, १८२० च्या सप्टेंबरात, अँपिअरने एका दिशेचे समांतर प्रवाह एकमेकांना ओढतात हे दाखवून दिलं. त्याचा हिशेब असा मांडता येतो: दोन प्रवाहांचा गुणाकार, भागिले अंतर, भागिले ५० लाख. ४२५ गुणिले ४२५, भागिले ०.४५, भागिले ५० लाख. उत्तर: दर मीटरला ०.०८ न्यूटन.

लोटणारं बलही ०.०८ न्यूटनच होतं. नैसर्गिक लोडला या चार तारांमधला लोट आणि ओढ एकमेकांना जवळजवळ पूर्ण रद्द करतात. तारा एकमेकींना ढकलतही नाहीत, ओढतही नाहीत.

हा योगायोग नाही. लोटाच्या हिशेबात १८०० कोटींनी गुणलं, ओढीच्या हिशेबात ५० लाखांनी भागलं. दोन्ही बलं समान व्हायची तर प्रवाहाचा वर्ग हा भाराच्या वर्गाच्या १८०० कोटी गुणिले ५० लाख पट असायला हवा. तो गुणाकार येतो ९ वर १६ शून्यं. त्याचं वर्गमूळ ३० कोटी. म्हणजे दर मीटरचा भार गुणिले ३० कोटी बरोबर प्रवाह. आणि सेकंदाला ३० कोटी मीटर हा प्रकाशाचा वेग आहे. १८५६ मध्ये वेबर आणि कोलराउश यांनी नेमकं हेच गुणोत्तर प्रयोगाने मोजलं, भाराच्या बाटल्या आणि प्रवाहाच्या सुया वापरून, प्रकाशाशी काही संबंध नसताना. काही वर्षांनी मॅक्सवेलने तो आकडा पाहिला आणि प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर असावी हे ओळखलं. नैसर्गिक लोड म्हणजे लाईनमधली ऊर्जा निखळ लहरीसारखी एका दिशेने निघालेली असण्याची स्थिती. त्या लहरीत तारेवरच्या भाराचा नकाशा प्रकाशाच्या जवळपास वेगाने पुढे सरकतो, इलेक्ट्रॉन मात्र आपापल्या जागी झुलत असतात. विद्युतक्षेत्रातली आणि चुंबकीय क्षेत्रातली ऊर्जा तेव्हा सारखी असते, म्हणून बलंही सारखी.

लाईन काही सदा नैसर्गिक लोडवर चालत नाही. मध्यरात्री मागणी उतरते, प्रवाह कमी होतो. दाब मात्र ७६५ केव्हीच राहतो, म्हणून भारही तेवढाच. अशा वेळी लोट वरचढ. अशी हलकी लाईन टोकाशी दाब वाढवू पाहते, तो आवरायला सबस्टेशनात रिॲक्टर बसवावे लागतात. उलट, लोड दुप्पट झाला तर ओढ चौपट, ०.३२ न्यूटन, लोट वजा जाता दर जोडीला ०.२४ न्यूटनची ओढ उरते. म्हणजे याच तारा रात्री एकमेकींपासून किंचित दूर जाऊ पाहतात आणि लोड चढला की जवळ येऊ पाहतात, आणि दोन्ही बलं सेकंदाला १०० वेळा शून्य होऊन पुन्हा उभी राहतात. डोळ्याला यातलं काही दिसत नाही. वाऱ्याचा एक झोत याहून कितीतरी जास्त हलवतो, आणि वाऱ्याने एकमेकींवर आपटू नयेत ही स्पेसरची रोजची जबाबदारी.

खरी परीक्षा शॉर्टसर्किटच्या वेळी. सबस्टेशनाजवळ फेजमधून ४० हजार ॲम्पिअर गेले असं धरा. या दर्जाची उपकरणं एवढ्या किंवा याहून मोठ्या प्रवाहासाठी बनवलेली असतात. एका तारेत दहा हजार. नैसर्गिक लोडच्या साधारण चोवीसपट प्रवाह, म्हणजे बल साडेपाचशेपट. दोन तारांत दर मीटरला ४४ न्यूटन, आणि तिघींचं मिळून एका तारेवर मध्याकडे ९४ न्यूटन. तारेचं स्वतःचं वजन २१-२२ न्यूटन आहे; म्हणजे वजनाच्या चौपटीहून जास्त जोराने ती आत खेचली जाते. तारांवरचा विद्युतभार त्या वेळी नाममात्र असतो, कारण दोष झाल्या ठिकाणी दाबच कोसळलेला असतो. सामना पूर्ण एकतर्फी. संरक्षणाची यंत्रणा साधारण दशांश सेकंदात लाईन तोडते, पण तेवढ्यात दोन स्पेसरांच्या मधल्या भागात चारही तारा मध्यावर येऊन एकमेकींवर आदळू शकतात. आणि त्या जवळ येतात तसं अंतर घटून बल आणखी वाढत जातं. स्पेसरच्या बाहूंवर तेव्हा बाहेरून आत दाब येतो आणि तारांच्या ताणात अचानक झटका बसतो. स्पेसर किती अंतरावर लावायचे, त्यांचे बाहू किती मजबूत करायचे, सबस्टेशनातल्या इन्सुलेटरच्या खांबांना किती झटका सोसावा लागेल, हे सगळं याच बेरजेवरून ठरवतात.

एकाच तारेच्या आतही हेच चालू असतं. तार अनेक पेडांची वळलेली असते, प्रत्येक पेडातला प्रवाह शेजारच्याला ओढतो, आणि सगळी तार स्वतःला आवळते. ४२५ ॲम्पिअरला ते कळत नाही. विजेच्या लोळाला कळतं. १९०५ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या हार्टली व्हेल इथे तडितवाहकाची तांब्याची पोकळ नळी वीज पडल्यावर चेपून गेलेली सापडली, आणि पोलॉक व बॅराक्लॉ या दोघांनी ती तपासून सांगितलं की नळीला बाहेरून काही आदळलेलं नाही, तिच्यातून गेलेल्या प्रवाहानेच तिला आवळलं आहे. १८ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून एक लाख ॲम्पिअर गेले तर बाहेरून आत पडणारा दाब वीस लाख पास्कलच्या घरात जातो, हवेच्या वीसपट.

हा आकडा तारेच्या पृष्ठभागावरच्या मघाच्या १८ पास्कलशेजारी ठेवला की एक मोठी गोष्ट दिसते. साध्या हवेत विद्युतक्षेत्र ३० किलोव्होल्ट दर सेंटिमीटरच्या पुढे टिकत नाही, म्हणून भाराने पृष्ठभागावर आणता येणारा दाब ४० पास्कलवर अडतो. चुंबकीय क्षेत्राला हवेची अशी आडकाठी नाही. विहिरीवरच्या पाच एच.पी.च्या मोटरीत, फिरता आणि स्थिर भाग यांच्या मधल्या चिरेत, सहज मिळणाऱ्या क्षेत्राचा दाब दोन-अडीच लाख पास्कल असतो. पाणी उपसण्यासारखं वजनदार काम यामुळेच प्रवाहाकडे आलं, भाराकडे नाही.

पण ४० पास्कल म्हणजे काहीच नाही, असं समजू नये. बल पृष्ठभागावर लागतं आणि वजन घनफळात असतं. वस्तू लहान होत गेली की वजन झपाट्याने घटतं आणि पृष्ठभागावरचं बल त्या मानाने मोठं होत जातं. बाळापूर तालुक्यातल्या पारसच्या औष्णिक केंद्रात, तिथल्या २५० मेगावॉटच्या दोन संचांच्या धुराड्याआधी, याच तत्त्वावर रात्रंदिवस काम चालतं. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या केंद्रातही तेच. आपल्याकडच्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के. ती बारीक राख धुराबरोबर बाहेर पडू नये म्हणून धूर उंच पत्र्यांच्या रांगांमधून नेतात. पत्र्यांच्या मधे ऋण दाबाच्या टोकदार तारा टांगलेल्या असतात. लाईनवर टाळायचा असतो तो कोरोना इथे मुद्दाम घडवतात. तारांपासून निघालेले ऋण आयन सगळ्या पोकळीत पसरतात. इथला भार ना तारेवर, ना पृष्ठभागावर, तो घनफळात आहे, आणि मघाच्या नियमाने त्याला एकूण क्षेत्र लागू पडतं. हे आयन राखेच्या कणांवर चिकटतात. दहा मायक्रॉन व्यासाच्या कणावर असा दहा हजारांच्या आसपास इलेक्ट्रॉनांचा भार बसतो आणि तीन किलोव्होल्ट दर सेंटिमीटरच्या क्षेत्रात त्याच्यावरचं बल त्याच्या वजनाच्या चाळीसपटीच्या वर जातं. वजनाला फारशी किंमत उरत नाही. कण हवेचा विरोध कापत आडवा पत्र्याकडे जातो.

कण पत्र्यावर बसला तरी काम संपत नाही. राखेचा थर चढत गेला की तो स्वतःच भार धरून बसतो, राख जितकी वीजरोधक तितका जास्त, आणि मग येणाऱ्या कणांना लोटणारं क्षेत्र कमी पडतं. कमी गंधकाच्या भारतीय कोळशाची राख या बाबतीत बरीच हट्टी. म्हणून पत्रे मोठे आणि जास्त लागतात, आणि ठराविक वेळाने हातोड्यांनी ते ठोकून थर खाली पाडावा लागतो. तो हॉपरमध्ये जमा होतो आणि तिथून सिमेंटच्या नि विटांच्या कारखान्यांकडे जातो.